उपांशूची साक्ष

पूर्वी कृतयुगात, जेव्हा धर्म चारही पायांवर उभा होता आणि राजे सिंहासनावर कधी सरळ तर कधी तिरके बसत, त्या काळी विंध्याच्या दक्षिणेस कनकावर्त नावाची नगरी होती. नगरीच्या वरच्या अंगाला, मधुस्रवा नदीच्या तीरी, कदंब-बकुळांनी वेढलेला, होमधूमाने सुगंधित झालेला ऋषिका वैतानीचा आश्रम होता. एका वैशाखात नदी आटली. आटली कसली, वळवली! प्रतिश्रवा राजाने आज्ञा काढून ते अमृततुल्य जल आपल्या हत्तींच्या क्रीडासरोवराला दिले, आणि आश्रमाच्या तीनशे धेनू कोरडे पात्र चाटू लागल्या.

वैतानीने बारा वर्षे एका पायावर तप केले होते. राजसभेत मात्र सात दिवसांत तिचे दोन्ही पाय झिजले.

कनकावर्ताचा नियम असा, की ज्याच्या मंत्रणेवरून आज्ञा निघाली, त्याने ती मंत्रणा भर सभेत, अग्नीसमक्ष सांगावी. तिथे ती खोडली गेली, तरच आज्ञा फिरेल. नियम सोन्यासारखा. पण सांगणार कोण?

"मला विचारू नका, तपोधने," अमात्य धौम्रक म्हणाला, "मी केवळ मुद्रा उमटवली."

"मी केवळ मान डोलावली, देवी," राजा म्हणाला.

"मग ती मान डोलवायला लावली कोणी?"

सगळी सभा सिंहासनामागच्या पडद्याकडे पाहू लागली. तिथे उपांशू असे. त्याला ना पद, ना शपथ, ना प्रजेने कधी निवडलेले. राजाच्या कानापर्यंत पोचणारे तोंड तेवढे त्याला होते.

"आणा त्याला बाहेर!" वैतानी गरजली.

"आणणार कसे?" धौम्रकाने हात जोडले. "शपथ घेतलेल्यालाच अग्नीसमोर उभे करता येते. त्याने शपथच घेतलेली नाही."

"म्हणजे ज्याचे काही चालत नाही त्याने उत्तरे द्यायची, आणि ज्याचे सगळे चालते त्याला कोणी विचारायचेही नाही? धन्य तुझी सभा, राजा!"

तोच पडद्याआडून मऊ, तुपाळ स्वर आला. "देवी, राजाच्या कानाशी एक तरी निर्भय माणूस हवा. उद्या नगरीसमोर झाडा द्यायचा म्हटले, तर आम्ही सारे गोडच बोलू. मग राजाला खरे कोण सांगणार?"

मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, आणि म्हणूनच वैतानीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"खरे बोललास ना? मग तेच मलाही सांग. माझ्या धेनू मेल्याने राज्याचे काय भले होते? पटले तर आजच आश्रम हलवीन."



"उद्या पाहू," धौम्रक म्हणाला. हा आठवा 'उद्या' होता.

वैतानीने कमंडलूतले मधुस्रवेचे शेवटचे जल ओंजळीत घेतले. "हे पडद्याआडच्या वाचाळा! सगळ्या सभेला दिसशील, सगळ्या सभेला ऐकू येशील, आडोसा म्हणून तुला उरणार नाही!"

वीज कडाडली, पडदा भस्म झाला, आणि भिंतीवर उरली एक फिकट, गुबगुबीत पाल. वैतानीने झेप घेऊन ती मुठीत धरली. "बोल आता!"

"चुक् चुक्," पाल म्हणाली. सभेने स्पष्ट ऐकले. अक्षरही कोणाला समजले नाही.

वैतानीने कपाळावर हात मारला. दिसशील म्हणाले, ऐकू येशील म्हणाले, समजशील म्हणायचे राहूनच गेले! मूठ उघडली, तर आत वळवळणारे शेपूट तेवढे. पाल केव्हाच तुळईवर.

राजाचा चेहरा खुलला. "देवी, मंत्रणा देणाऱ्याला वाचाच नाही, तर ती खोडणार कशी? आज्ञा कायम. नियम तो नियम."

बारा वर्षांचे तप एका शापात संपले होते. उरल्यासुरल्या पुण्यावर तिने एवढाच उःशाप दिला: "ज्या दिवशी हा भर सभेत माणसाच्या भाषेत झाडा देईल, त्या दिवशी हा माणूस होईल आणि नदी परतेल." मग तिने धेनू हाकल्या आणि ती उत्तरेकडे चालू लागली. वाटेत किती पडल्या, ते कोणी सांगत नाही.

तेव्हापासून प्रत्येक राजसभेच्या भिंतीवर, आसनाच्या बरोब्बर मागे, एक पाल असते. 'हा सल्ला कोणाचा?' असे कोणी विचारले, की ती चुकचुकते. सगळे क्षणभर वर पाहतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. कोणी चिकाटीने धरायला गेलेच, तर हाती शेपूट लागते, आणि यथासांग चौकशी होऊन शिक्षा त्या शेपटालाच होते. मधुस्रवेचे पात्र अजून कोरडे आहे.