गलबतावरची कुजबुज

वासुदेव आणि मथुरेच्या लग्नाला आठ दिवस झाले होते, पण घर पाहुण्यांनी भरलेलं. दोघं जैतापूरहून रत्नागिरीला निघाली, तर गलबतावरही वीस माणसं! शेवटी दोघं मागच्या बाजूला नारळांच्या राशीआड बसून हळू आवाजात बोलू लागली.

तेवढ्यात अंतोबा खोत तिथे हजर! गावात कुणाच्या चुलीवर काय शिजतं, तेसुद्धा त्यांना कळावं लागे. ते गरजले, "चारचौघांत कुजबुज कसली? काय ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांग, पोरी!"

साऱ्या गलबताने कान टवकारले. वासुदेव खाली मान घालून नारळ मोजू लागला.

मथुरा पदर सावरून उठली. "सांगते, काका. मी यांना म्हणत होते, खोतांचं धोतर मागे फाटलंय, तेवढं त्यांच्या कानात सांगून या."

कुणी बघायच्या आत खोत डोलकाठीला पाठ लावून बसले. बंदर येईपर्यंत ते जागचे हलले नाहीत. ते कधी उठतात, याकडेच सगळ्यांचे डोळे. नारळांआड परत बसलेल्या दोघांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"खरंच फाटलं होतं का गं?" वासुदेवाने हळूच विचारलं.

"मला काय ठाऊक?" मथुरा म्हणाली. "मी तुमच्याकडे बघत होते."