वैशाखाची एकादशी

आता वेशीवर नळ आलाय, पण म्हाताऱ्या पुतळाबाईंच्या डोळ्यांपुढे येते ती संस्थानच्या काळातली त्यांची पाणपोई आणि वाळ्याचा वास येणारे ते रांजण.

एका वैशाखात गारा पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाण शाल पांघरून आले आणि गरजले, "उन्हाळा संपला! पालथे घाला ते रांजण!"

पुतळाबाईंनी हात जोडले. "सरकार, काल एकादशीला आपण अन्नाला शिवला नाहीत. मग वाड्यावरचा आचारी काढून टाकलात का?"

"खुळी की काय तू? एका उपासानं जन्माची भूक जाते होय?"

"वैशाखानंही काल उपासच केला, सरकार. आज तो पारणं फेडेल."

दुपारी ऊन भाजू लागलं, तेव्हा रांजणापाशी पहिली ओंजळ पुढे आली ती दिवाणांचीच.