हरणकोटची गुळाची भिंत

मंडळी, सावलीत या आणि आधी मला एक सांगा. दिलेला शब्द तंतोतंत पाळणारा वैरी, आणि मनापासून मदत करताना घोटाळा करून ठेवणारा मित्र, यांतल्या कुणावर तुम्ही भरवसा ठेवाल? आत्ताच उत्तर नको. ही भिंत बघा, मग सांगा.

ही हरणकोटच्या जुन्या इगर्जीची, म्हणजे चर्चची, भिंत. छप्पर कधीच गेलं, पण चित्रातली बाळाला कडेवर घेतलेली मरियम अजून उभी आहे. तिच्या हनुवटीला टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात ना? आणि पायाशी ही दगडी वाटी. वाटीत गूळ, गुळाला मुंग्या. गावात घराघरांचे वार ठरलेले आहेत. आज वार आमचा.

कोटात फिरंग्यांचा अंमल होता तेव्हाची ही गोष्ट, असं सांगतात. बाल्दो नावाचा इटलीचा एक चितारी जहाज फुटून या खाडीला लागला. घरी रांगती लेक ठेवून आला होता बिचारा. कोटाचा कप्तान त्याला म्हणाला, "इगर्जीची भिंत रंगव. चित्र पुरं झालं की पहिल्या जहाजाने घरी जा. तोवर वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही." पवित्र ग्रंथावर हात ठेवून त्याने शपथही घेतली.

बाल्दोला त्यात काही अवघड वाटलं नाही. त्याच्या मुलखात ओल्या चुन्यावरच रंग भरतात. चुना वाळताना रंग पोटात घेतो, मग चित्र आणि भिंत वेगळी राहतच नाहीत. पणजोबांच्या काळची चित्रं तिकडे जशीच्या तशी होती म्हणे. चुन्याच्या कामाला इथला धाकू गवंडी आला. दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा तो सकाळी करून द्यायचा. कडेवरच्या बाळाला बाल्दोने आपल्या लेकीचं तोंड दिलं. सगळ्यात शेवटी मरियमचा चेहरा काढला. जहाज पावसाळ्यानंतर सुटणार होतं.

पाऊस सरला तेव्हा चेहऱ्याची भुकटी झाली होती. कप्तान म्हणाला, "चेहऱ्याशिवाय चित्र पुरं कसं?" यात खोटं काय होतं, सांगा! जहाज गेलं.

बाल्दोने चेहरा नव्याने काढला. पुढच्या पावसाळ्यात तोही गेला. मग दर साली तेच. शिडं यायची, शिडं जायची, आणि हा भिंतीसमोर. तिकडे लेक मोठी होत असणार. इथे ती कडेवरच राहिली.

एका दुपारी त्याला मरियमच्या डोळ्यातून मुंगी बाहेर येताना दिसली. मागून दुसरी, मग रांगच. त्याने धाकूला हाक मारली.

"धाकू, चुन्यात काय घालतोस?"

"गूळ!" धाकू फुशारून म्हणाला. "खाऱ्या वाऱ्यात गुळाबिगर चुना टिकतोय होय? त्यात देवाच्या आईचं तोंड, आणि पावण्याचं काम. मी दुप्पट घातला, पावणं. तरी ढासळतंय म्हणून दर साली वाढवत गेलो."

बाल्दो आधी पोट धरून हसला. मग भिंतीला डोकं टेकून रडला. "कप्तानाने मला वेशीत कोंडलं," तो म्हणाला, "आणि तू या भिंतीत."

बिनगुळाचा चुनाही लावून पाहिला. तो पावसाची वाट न बघता खाऱ्या वाऱ्यानेच गळून पडला. आणि चटावलेल्या मुंग्यांना आता चिमूटभर गूळही पुरे होता. गूळ घातला तर मुंग्या, न घातला तर वारा.

तेव्हा म्हणे धाकूने गुळाच्या चुन्याने चेहऱ्याची जागा पुन्हा लिंपून दिली, बाल्दोने चेहरा काढला, आणि धाकू भिंतीच्या पायाशी गुळाची वाटी घेऊन बसला. "आयांनो, चूक माझी आहे. तुमचा गूळ रोज इथे पोचवीन. त्यातला कण माझ्या तोंडात जाणार नाही. तेवढं त्या बाईचं तोंड सोडा." भिंतीतल्या मुंग्या एका रांगेने खाली उतरल्या, असं सांगतात. पाऊस आला, गेला. चेहरा राहिला.

कप्तानाने गालावरून बोट फिरवून पाहिलं आणि शब्द पाळला. निघताना बाल्दोने धाकूचा हात धरला. "तूही चल."

"आणि उद्या मुंग्यांना कोण घालील?" धाकू सहज बोलून गेला.

कप्तानाने ते ऐकलं. "मग याला वेशीबाहेर सोडू नका," तो पहारेकऱ्यांना म्हणाला. बाल्दोला जहाजावरून दिसलं ते वेशीचं दार लागताना.

पुढे फिरंगी गेले, दार मोडलं, धाकूला अडवणारं कुणी उरलं नाही. तरी तो मरेपर्यंत रोज या भिंतीशी येत राहिला. त्याच्यामागे त्याची मुलं, मग सगळा गाव. एकदा साथीत गाव ओस पडला, वाटी रिकामी राहिली. हनुवटीची भोकं तेव्हाची.

आजही हरणकोटचा माणूस परगावी निघाला की आधी आपला वार दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, तेव्हाच त्याचं पाऊल गावाबाहेर पडतं. माझी लेक नाशकाला दिलीय. तिच्याकडे राहायला जायचं तर मलाही तेच करावं लागतं.

हा घ्या खडा. माझ्याच दुकानचा आहे, वासावरूनच कळेल काय मालाचा आहे ते. पण मंडळी, बोटं चाटू नका. धाकूने चाटली नाहीत. घेतला तेवढा सगळा वाटीत ठेवा. मी मान वळवून उभा राहतो, हिशेब तुमचा तुम्हीच प्रामाणिकपणे ठेवा.