फटीतली चोच

एका देवराईत एक धनेश पक्षी राहत होता. धनेशांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत बसल्या बसल्या तिच्या पंखांची पिसं गळतात. नवी येईपर्यंत उडणं नाही. नवरा आणून भरवील तेच खायचं.

आपल्या धनेशाची बायकोही अशीच बेहड्याच्या ढोलीत बसली होती. तो उंबरं आणी, फटीतून भरवी, आणि याचा त्याला भारी ताठा. झाडाखाली देवाला सोडलेला एक कोंबडा फिरत असे. वाडीतल्या निम्म्या कोंबड्या त्याच्या मागे.

"अरे, नराची जात ही! एका घरी रमायची नाही," कोंबडा म्हणे.

"तुमची नसेल रमत. आमच्या रक्तातच एकनिष्ठा आहे. दुसरीकडे बघावंसंसुद्धा वाटत नाही आम्हाला!"

बढाई मारायला काय जातं?

एके दिवशी उंबराची फळं सरली. तोवर ढोलीत पिलंही झाली होती. धनेश नदीपलीकडच्या वडावर गेला. तिथे एक तरुण धनेशीण होती. तिनं एक फळ हवेत उडवून अलगद झेललं. दुसरं याच्याकडे फेकलं. यानं ते झेललं आणि परत फेकलं. खेळ रंगला. ऊन कललं, तरी स्वारीला घराची आठवण नाही.

वडावरची वटवाघळं जागी व्हायला लागली, तेव्हा तो दचकला. चोचीत मावतील तेवढी फळं घेऊन धावत-पळत घरी आला. फटीतून चोच बाहेर आलेली होती, वाट पाहत. पिलं रडून रडून गप्प झाली होती. आता ती विचारणार, मग काय थाप मारायची, हे तो मनात जुळवू लागला.

पण तिनं एकेक फळ घेऊन पिलांना भरवलं. शेवटचं मात्र फटीतून परत बाहेर सरकवलं.

"हे तुम्ही खा. इतका उशीर झाला, म्हणजे फार लांब हिंडावं लागलं असणार. तुमच्या पोटात दिवसभर काही गेलं नसेल."

त्यानं ते फळ परत फटीतून आत सरकवलं.

सकाळी उजाडताच तो निघाला. कोंबड्यानं सवयीनं डिवचलं, "काय धनेशराव, एकनिष्ठा रक्तातच ना?"

"रक्तात काय आहे ते काल कळलं, बाबा. तुझ्यात आहे तेच," धनेश म्हणाला. "पण ती माझ्या भरवशावर पंख गाळून बसलीय. मला बोलायला सवड नाही."

नदीपलीकडचा वड फळांनी लगडलेला होता. धनेश त्याला वळसा घालून लांबच्या डोंगराकडे गेला.

तात्पर्य: एकनिष्ठा कुणी जन्मताना घेऊन येत नाही, आपल्या भरवशावर बसलेल्या जिवाला आठवून ती रोज नव्यानं पाळावी लागते.