कापराच्या वडीतलं गाव

अणूंना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. कापराच्या एका वडीत रेणूंची दाट वस्ती होती, प्रत्येक रेणू म्हणजे अणूंचं एक घर, आणि कर्पूरपंत नावाचा रेणू तिथला पुढारी होता. तो भाषणात सांगायचा, “आपल्या प्रत्येक घरातले अणू इलेक्ट्रॉन वाटून खातात. आपलं घर कोण फोडणार?”

शेजारच्या मिठाच्या खड्याने विचारलं, “आणि शेजाऱ्यांशी कसं आहे?”

“नमस्कारापुरतं!” पंत ऐटीत म्हणाले.

चैत्रात ऊन तापलं, तशी एकेक करत घरं उठून हवेत निघाली. पंत घाबरून ओरडले, “अहो, थांबा! घर फोडलं का कुणी तुमचं?”

“छे हो! घर शाबूत आहे, म्हणून तर अख्खं बिऱ्हाड घेऊन निघालोय.”

शेवटी भाषण ऐकायला कुणीच उरलं नाही, तेव्हा पंतही मुकाट्याने उडाले.