दिवेलागणीचं वायफाय

"पण सर, एवढं सगळं करूनही वायफाय चालू का होत नाही?"

बुवांनी मान वर केली नाही. ते भिजवलेले वाल सोलत होते.

समोर चटईवर हृषीकेश मुळ्ये बसला होता. मांडीवर लॅपटॉप, डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे म्हणतात. त्या घडीला मात्र तो नापास झालेल्या पोरासारखा दिसत होता.

बुवा पूर्वी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. हृषीकेश तिथला त्यांचा विद्यार्थी, म्हणून तो अजून सर म्हणतो. बाकी सगळ्यांचे ते बुवा. आमचा मठ देवरुखाच्या पुढे, रस्त्याला लागूनच आहे. मठ म्हणजे दोन कौलारू खोल्या आणि एक ओटी. इथे कुणी मन लागत नाही म्हणून येतं, कुणी मिक्सर लागत नाही म्हणून. बुवा दोघांचंही सारख्याच सबुरीनं ऐकतात. मी इथला स्वयंपाक बघते आणि कान उघडे ठेवते.

"काय काय केलंस?" बुवांनी विचारलं.

हृषीकेश सरसावून बसला. "ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. फर्मवेअर बदललं. जुन्या कर्नलवर जाऊन आलो. शेवटी सगळं पुसून लिनक्सची अख्खी सिस्टीमच नव्यानं बसवली."

पंगतीत वाढप्यानं पदार्थ सांगावेत तसं त्यानं हे सांगितलं. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण मेहनत कळली.

"आणि तो काय म्हणाला?"

"कोण?"

"लॅपटॉप."

"तो काय म्हणणार, सर? वायरलेस बंद आहे, एवढंच म्हणतोय."

बुवांनी एक वाल सोलला, पांढरा दाणा भांड्यात टाकला.

"सर, वेळ नाहीये हो माझ्याकडे. आज हे चालू झालं नाही, तर अण्णांना पुण्याला नेतोय. घराला कुलूप घातलंय. त्यांची बॅग गाडीत आहे."

अण्णा म्हणजे त्याचे वडील, भालचंद्र मुळ्ये. हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. ते बाहेर ओटीवर बसले होते. मी चहा नेऊन दिला, तेव्हा त्यांनी आमच्या अबोलीकडे बघून विचारलं होतं, "हिला पाणी रोज घालता का एक दिवसाआड?" मी म्हटलं, रोज. "माझी झाडं पण रोजच पितात," ते म्हणाले आणि गप्प झाले. गाडीकडे त्यांनी पाठ केली होती.

"पुण्याला त्यांना यायचंय का?" बुवांनी विचारलं.

"नाही. पण मी तरी काय करू?"

हृषीकेशचा आवाज चढला, मग एकदम खाली आला.

"मागच्या वर्षी ते न्हाणीघरात पडले, सर. मला कळलं ते भलत्याच माणसाकडून. यांना फोन केला तर म्हणे, बरा आहे. मनगटाला प्लास्टर, आणि बरा आहे! म्हणून हा लॅपटॉप आणून ठेवला. जुना आहे, पण दणकट. अशी सोय केली की दिवेलागणीला तो आपोआप उघडतो आणि मला व्हिडिओवर जोडून देतो. त्यांनी बोटसुद्धा लावायला नको. ते जेवलेत का, गोळ्या घेतल्यात का, मी तिथून बघतो. चांगलं चाललं होतं. आणि अचानक वायरलेस मेलं."

"अचानक?"

"अचानक."

बुवांनी वालांचं भांडं बाजूला सारलं, हात पंच्याला पुसले.

"हात मांडीखाली घे."

"सर, मी काय आता पोर आहे का?"

"मांडीखाली."

ही आमच्या मठाची रीत. प्रश्न घेऊन येणाऱ्यानं आपले हात आपल्याच मांडीखाली घालून बसायचं. माझेही गेलेत. भाकऱ्या फुगत नाहीत म्हणून रडत गेले होते तेव्हा. हात अडकले की पहिल्यांदा माणसाला नुसता राग येतो. त्याच्या पुढचं पुढे.

हृषीकेशनं हात मांडीखाली घातले. राग आलाच होता.

बुवांनी लॅपटॉप स्वतःसमोर ओढला. "काय लिहू?"

"आरएफकिल अनब्लॉक ऑल. म्हणजे, बंद असलेले सगळे रेडिओ उघड. पण हे मी पहिल्याच झटक्यात केलंय, सर."

बुवांनी एका बोटानं, सावकाश लिहिलं. हृषीकेशची बोटं मांडीखाली चुळबुळत होती. पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

"काय म्हणाला?"

"काहीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काम झालं. लिनक्स काही बोललं नाही, की समजायचं सगळं ठीक आहे. चुकलं तरच ते बोलतं. सर, हे तर तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"मी?"

"हो. पहिल्याच तासाला."

बुवा हसले. फार नाही, मिशीत.

"मग झालं ना ठीक?"

"नाही ना झालं!"

"पण बोलला तर नाही काही..."

हृषीकेश पडद्यावरची ती रेघ बघत राहिला.

"आत्तापर्यंत तू त्याला नुसतं सांगत आलास," बुवा म्हणाले. "आता विचारू या. कसं विचारतात?"

"आरएफकिल लिस्ट."

पुन्हा ते एक बोट. या वेळी पडद्यावर ओळी उमटल्या.

"वाच. मोठ्यानं."

"वायरलेस लॅन. सॉफ्ट ब्लॉक्ड, नो. म्हणजे बघा, मी उघडलंय ते—"

"पुढची ओळ."

"हार्ड ब्लॉक्ड..."

तो थांबला.

"वाच."

"हार्ड ब्लॉक्ड, येस."

"मराठीत सांग. शालनला कळू दे."

शालन म्हणजे मी. दारात उभी होते, माझ्या अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.

हृषीकेश माझ्याकडे न बघता म्हणाला, "कमांडनं बंद झालेलं नाही. हातानं बंद झालंय. अंगावर कुठेतरी खटका असतो, त्यानं."

"मग कमांडनं उघडेल?"

"नाही. कुठल्याच नाही."



मग हृषीकेश खो खो हसत सुटला. कपाळावरची शीर मोकळी झाल्यासारखं हसला. "हात्तिच्या! नव्या लॅपटॉपना खटका नसतोच, सर, माझ्या डोक्यातच आलं नाही!" मांडीखालून हात काढून त्यानं लॅपटॉपची कड चाचपली. पुढच्या बाजूला, खाली, नखाएवढी एक पट्टी होती. शेजारी मनोऱ्याचं बारीकसं चित्र.

तो पट्टीला नख लावणार, तेवढ्यात बुवांनी तिच्यावर आपला तळवा ठेवला.

"सर?"

बुवांनी तळवा काढला नाही.

"सर, एवढंच करायचंय. ही सरकवली की झालं. अण्णांना परत घरी सोडतो आणि मी निघतो."

"घट्ट आहे ही," बुवा म्हणाले. "नख घातल्याशिवाय हलत नाही. पिशवीत घासून सरकेल?"

"नाही."

"मांजराचा पाय लागून?"

"नाही."

"मग..."

हृषीकेशचं हसू उतरलं. त्यानं ओटीकडे बघितलं. ओटीवरून कपबशीचा आवाज येत होता, तो थांबला होता.

अण्णा दारात येऊन उभे राहिले. हातात रिकामा कप.

"मीच," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"दोन दिवस मान मोडून बसला होतास. बघवेना. राहू दे रे म्हटलं, तर म्हणालास, अण्णा, तुम्हाला त्यातलं कळणार नाही."

हृषीकेश उठूनच उभा राहिला. "अहो मग बोलायचं ना! मी सगळं पुसून नव्यानं बसवलं! रजा काढून आलो! बंद केलंय म्हणून एक शब्द बोलला असतात तर!"

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं नाही? रोज विचारतो! बरे आहात ना, रोज विचारतो!"

"हो. आणि मी म्हणतो, बरा आहे."

हृषीकेश उभाच राहिला. बुवांनी वालांचं भांडं पुन्हा जवळ ओढलं. मला वाटलं, आता तरी ते काहीतरी बोलतील, बाप-लेकाला सावरून घेतील. नाही बोलले. एक वाल घेतला आणि सोलला.

अण्णांनी कप माझ्या हातात दिला. मग हळूच चटईच्या कडेला बसले, गुडघा धरून.

"दिवेलागणीला मी दिवा लावतो," ते म्हणाले. "लावला की तिथेच बसतो जरा. तुझ्या आईशी बोलतो."

हृषीकेशनं त्यांच्याकडे बघितलं.

"मनात नाही रे. मोठ्यानं बोलतो. दिवसभरातलं सगळं सांगतो. अबोलीला कळे आले, शेजारच्यांच्या गायीनं कुंपण मोडलं, असलंच काहीबाही. ती असताना आमचं बोलणं त्याच वेळेला व्हायचं. दिवसभर मी शाळेत आणि ती कामात." ते थांबले. "आणि ऐन मध्यात ते उघडतं. खण्णकन वाजतं. आणि तू विचारतोस, गोळी घेतली का."

"अण्णा..."

"एकदा अर्ध्या वाक्यात उघडलं. तू म्हणालास, कुणाशी बोलताय? मी म्हटलं, रेडिओ लावलाय."

"आठवतंय," हृषीकेश हळूच म्हणाला. "मला रेडिओच वाटला."

"खरं सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

हृषीकेशची नजर बाहेरच्या गाडीकडे गेली.

"डॉक्टरकडे नेलं असतंस," अण्णाच म्हणाले. "मग पुण्याला."

ते खरंच होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी कांदा चिरत नव्हते, त्यामुळे सबबही नव्हती. पदरानं पुसलं आणि तिथेच उभी राहिले. आत पिठलं लागेल याची काळजी त्या वेळी मला नव्हती.

हृषीकेश खाली बसला. बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. त्यानं लॅपटॉप ओढला आणि कीबोर्डवर बोटं ठेवली.

"अण्णा, सोपं आहे! मी वेळ बदलतो. दिवेलागणीला नको. सकाळी आठला आपोआप उघडेल, आपोआप जोडेल, तुम्हाला काही—"

बुवांनी झाकण मिटलं. बोटं अडकली नाहीत, पण थोडक्यात वाचली.

"हात," बुवा म्हणाले.

एवढा मोठा माणूस, हुद्देवाला. त्यानं निमूट हात मांडीखाली घातले. मला हसू फुटलं. अण्णाही हसले. हृषीकेश मात्र हसला नाही. त्याचे डोळे भरून आले, आणि आता त्याला डोळे पुसायला हातही नव्हते.

"मग मी काय करू, सर?" तो म्हणाला. "ते पुन्हा पडले तर? मी तिथे बसलेला असतो. मीटिंग चालू असते आणि माझं लक्ष नसतं. दिवेलागण झाली, ते दिसले, की मग मला जेवण जातं. गेला महिना मला झोप नाही. आई गेली तेव्हाही मी पोचलो नव्हतो..."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. जणू हा मुलगा त्यांना आजच दिसला.

"तू घाबरतोस होय रे?"

हृषीकेशनं मान हलवली.

"मला वाटलं, तू तपासतोस."

"घाबरतो, अण्णा."

"मग तसं म्हणायचं ना, वेड्या."

अण्णांनी पुढे होऊन त्याचे डोळे पुसले. स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं, लहानपणी पुसले असतील तसेच, जरा खसाखसा. हृषीकेशनं पुसू दिले. हात मांडीखालीच होते.

बाहेर रस्त्यावरून एसटी गेली. तिचा आवाज वळणापलीकडे गेला.

मग बुवांनी लॅपटॉप उचलला. हृषीकेशनं घ्यायला मान पुढे केली, पण बुवांनी तो त्याच्या डोक्यावरून पलीकडे अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी तो मांडीवर उलटा-सुलटा करून बघितला. पुढची पट्टी शोधली, तिच्यावर अंगठा ठेवला. सरकवली नाही.

"बुवा," त्यांनी विचारलं, "मग ही कधी उघडी ठेवू, आणि कधी बंद?"

हृषीकेशही बुवांकडे बघायला लागला. त्याचा जीव त्या उत्तरात अडकला होता. अण्णांचाही.

बुवांनी भांड्यातून वाल उचलला.

"मला काय विचारता, मास्तर? घर तुमचं."