साळूबाईचं शिलाई मशीन

साळिंदरं शिंपीकाम करत होती आणि सुईसाठी कुणापुढे हात पसरत नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. साळूबाई साळिंदरीण वारली आणि तिचं शिलाई मशीन तिच्या जिवलग मैत्रिणीकडे, यमू खारीकडे आलं. सोबत सशिणीच्या पिल्लांची अर्धी शिवलेली गोधडी होती, आणि थंडी तर उंबऱ्याशी येऊन बसली होती.

यमूने मशीनला रोज भक्तिभावाने हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. आठव्या दिवशी पायडल मारलं, तर चाक हलेचना.

"साळू गेली, यालाही घेऊन गेली," म्हणत यमू रडायला लागली.

सशीण म्हणाली, "रडून माझ्या पोरांना ऊब येणार आहे का? एखादा नारळ तरी फोड."

"फोडला की, सकाळीच. मशीनवर."

आता मात्र मशीनलाच राहवेना. "बये, साळू गेली, मी नाही. तेलाच्या भोकांत तू कुंकू कोंबलंस, चाकात अक्षता अडकल्यात. नारळाचं पाणी कुठं कुठं शिरलंय ते विचारूच नकोस."

"पण साळूही तुझी पूजा करायचीच ना?"

"दसऱ्याला, एकदा. बाकी वर्षभर तेल घालायची आणि शिव्या द्यायची."

यमूने शेपटीने भोकं साफ केली, चाकातल्या अक्षता काढल्या, पाणी पुसलं, तेल सोडलं आणि जरा चाचरतच म्हणाली, "चल की रे, आळशा."

चाक गरगर फिरलं. उन्हं कलायच्या आत सातही पिल्लं गोधडीत शिरली, आणि यमू कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.